आत्याची घडी आणि माझं उपरणं

भर मोटार स्टँडवर मी आयुष्यात एकाच परक्या बाईचा हात धरला, आणि तोही एका पैशासाठी.

(हे वाक्य घरात मोठ्यानं वाचायचं नाही, असं मी माझ्या लेकीला, चंद्राला, बजावलं आहे. म्हणजे ती आधी तेच वाचणार.)

बाई साठीच्या पुढची होती. तोंडात चार दात, हातात उलथनं. तेव्हा लोकांनी पुढं ही गोष्ट जितकी रंगवली, तितकी ती रंगीत मुळीच नव्हती. पण बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या लोकांना खरं काय घडलं याच्याशी कधी देणंघेणं होतं?

एकोणीसशे तीस-पस्तीसच्या सुमाराचे ते दिवस. मी बैलांचा दलाल. एका बाजारात बैल घ्यायचे, दुसऱ्या बाजारात विकायचे, आणि मधल्या वाटेत त्यांचं वय दोन वर्षांनी कमी करायचं, हा माझा व्यवसाय. (वय कसं कमी करतात ते विचारू नका. बैलांनी कधी तक्रार केली नाही.) बापानं मला वारशात एक काठी ठेवली होती, तीही पिचलेली. बाकी सगळं मी घासाघीस करून मिळवलं. माझ्या लग्नात मी भटजींशी घासाघीस केली. मंगलाष्टकं दोन कमी म्हणा, पण दक्षिणा उतरवा! चंद्राच्या जन्माच्या वेळी सुईणीशी केली. ती आतून ओरडली, "अवं, पोर अजून बाहेर आलं न्हाय, आन् तुमी भाव कराय लागलासा?"

आमच्या धंद्यात खरा भाव तोंडानं होत नाही. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. तीन बोटं दाबली की तीन, अख्खा पंजा दाबला की पाच. बाहेर दोघं पावसापाण्याचं बोलत असतात, आत बोटांची कुस्ती चाललेली असते. आणि नियम असा, की भाव ठरल्याशिवाय उपरणं काढायचं नाही. ज्यानं आधी हात काढून घेतला, तो सौदा मोडणारा. माझ्या उपरण्याखालून भलेभले पाटील घाम पुसत बाहेर पडले आहेत. माझं उपरणं म्हणजे हिरव्या काठाचं, सासऱ्यानं लग्नात दिलेलं. (त्यांनी साधं देऊ केलं होतं. काठ मी घासाघीस करून मिळवला.)

आता त्या बाईकडं येतो.

बारामतीहून भिगवणमार्गे इंदापूरला सर्व्हिस मोटार धावायची. "धावायची" हे मी सवयीनं लिहिलं. तिन्ही गावांत ती थांबायची, आणि मधे तिच्या मनाला येईल तिथं बसकण मारायची. या तीन थांब्यांवर तीन चुली होत्या, आणि तिन्ही सखूआत्याच्या. बारामतीला ती स्वतः, भिगवणला थोरली सून, इंदापूरला धाकटी. बसायला जागा नाही, पुढ्यात ताट नाही, पाणी पिंपातून आपल्या हातानं घ्यायचं. ज्वारीची गरम भाकरी, तिच्यात घट्ट पिठलं, त्यावर लसणाचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. भाकरीची घडी घालायची, पळसाच्या पानात गुंडाळायची आणि हातात ठेवायची. ड्रायव्हर हँडल मारमारून इंजिनाला जागं करेपर्यंत अख्खी मोटार जेवून मोकळी! लोक तिला नुसतं "घडी" म्हणायचे. "आत्या, दोन घड्या टाका."

आता त्या घडीत असं काय होतं, की माणसं पुन्हा पुन्हा तिथंच जायची? मी सांगतो. काही नव्हतं! डोळे मिटून खाल्ली तर आपण बारामतीत आहोत की इंदापुरात, हे कळायचं नाही. बस, एवढंच. ठेचा ती म्हातारी रोज सकाळी स्वतः वाटायची आणि गाडग्यात भरून पहिल्या मोटारीनं दोन्ही सुनांकडं धाडायची. ड्रायव्हर ते गाडगं नव्या नवरीसारखं जपून न्यायचा. उतारूंची हाडं खिळखिळी झाली तरी चालतील, गाडगं हलता कामा नये. आज जशी घडी, उद्या तशी, पोळ्याला तशी आणि शिमग्यालाही तशी. याला लोक गुण म्हणायचे. मला तर यात नुसता हट्ट दिसत होता.

आणि या हट्टाचा कळस म्हणजे भाव. एक आणा. मामलेदाराला एक आणा, हमालाला एक आणा, आणि मला एक आणा. मला!

त्या दिवशी मी ठरवूनच गेलो.

"आत्या, तीन पैसं."

"आना."

"आगं, मी तुझं जुनं गिऱ्हाईक. तिन्ही गावांत खातो. घाऊक भाव लाव की."

"तिन्ही गावांत पोट एकच घिऊन फिरतोस न्हवं? मग? आना."

"कांदा नको घालू. तीन पैसं."

"कांदा तुला न्हाय, घडीला लागतोय. आना. मागं सरक, लोकं खोळंबल्यात."

लोक हसले. माझं डोकं तापलं. आणि डोकं तापलं की माझा हात सवयीनं जे करतो ते त्यानं केलं. उलथनं धरलेला तिचा हात मी धरला, खांद्यावरचं उपरणं वर टाकलं आणि आत तीन बोटं दाबली.

स्टँडवर चावणारी तोंडं चावायची थांबली. मोटारीचं इंजिन सुरू होतं, तेसुद्धा बंद पडलं.

मी काय केलं ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा वेळ गेली होती. हात काढावा तर सौदा मोडल्याचा कलंक; न काढावा तर परक्या बाईचा हात धरून भर बाजारात उभा! मी पावसापाण्याचं बोलावं म्हणून आभाळाकडं पाहिलं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. एवढ्यात उपरण्याखाली माझ्या बोटांवर दाब आला. एक, दोन, तीन, चार... आणि अंगठा. अख्खा पंजा! म्हातारीचा नवरा, देव त्याला सुखी ठेवो, तोही बैलांचाच दलाल होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

"पाच?" मी ओरडलो. "आणा म्हंजी चार पैसं! वरचा पैसा कशाचा?"

"हात धरल्याचा," आत्या म्हणाली.

त्यानंतर स्टँडवर जो हशा झाला, तो मला वाटतं भिगवणपर्यंत ऐकू गेला असावा. मी हात हिसकला. म्हातारीनं उपरणं सोडलं नाही.

"सौदा अर्धा हाय, गेणूराव. पुरा हुईस्तवर उपरणं हितंच ऱ्हाईल."

"ठेव! घाल तुझ्या चुलीत!" मी म्हणालो. "तुझ्या हातचं खाईन तर बैलाच्या जन्माला जाईन! तिन्ही गावांत तुझ्या शेजारी दुकान नाही काढलं, तर नावाचा गेणबा नाही!"

"काढ की. फकस्त धूर माझ्याकडं सोडू नगंस."

बारामतीच्या स्टँडमागंच माझं घर, तरी मी पोचायच्या आधी गोष्ट तिथं पोचली होती. इतक्या वेगानं मोटारसुद्धा कधी धावली नाही. आमची मंडळी दारातच उभी होती.

"उपरनं कुठं हाय?"

"पडलं."

"कुनाच्या हातावर?"

यावर नवऱ्यानं काय उत्तर द्यायचं असतं, ते कुणाला ठाऊक असेल तर मला कळवावं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही आठवण लिहिलीही नसती. पण त्या साली चंद्राचं लग्न जमवायचं होतं. पोरगी हुशार, चार बुकं शिकलेली, रूपानं आईवर गेलेली. (स्वभावानं माझ्यावर गेली नाही, म्हणून आई नवस फेडते.) दोन स्थळं जवळजवळ नक्की होती. पहिल्यांनी कळवलं की मुलगा इतक्यात लग्न करणार नाही. पंधरा दिवसांत त्यानं केलं. दुसऱ्यांनी कळवलं की पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका पाठवलीच नव्हती! खरं कारण मोटारीत बसलेल्या कुणालाही विचारावं. त्या म्हातारीनं माझं हिरव्या काठाचं उपरणं धुऊन भाकरीच्या टोपलीवर झाकण म्हणून टाकलं होतं. प्रत्येक उतारू विचारायचा, "आत्या, ह्ये कुनाचं?" आणि प्रत्येकाला घडीबरोबर गोष्टही मिळायची. गोष्टीचा मात्र ती पैसा जादा घेत नव्हती.

"पोरीचं जमलं न्हाय ना," मंडळी म्हणाली, "तर मी म्हायेरी जाईन आन् तुमी त्या आत्याकडं ऱ्हावा."

असं सगळं असूनही मी दुकानं काढली. बोललेला शब्द होता. शिवाय माझ्या डोक्यात अशी एक कल्पना आली होती, की आत्याच्या तिन्ही चुली महिनाभरात विझतील याबद्दल मला शंकाच नव्हती. माणसाला घडी का खावीशी वाटते? पोट भरायला? मुळीच नाही! माणसाला दोन पैसे कमी केल्याचा आनंद हवा असतो. तो आत्या देत नाही, मी देणार. भाव सहा पैसे सांगायचा आणि झगडून झगडून चारावर यायचं. गिऱ्हाइकाला वाटणार आपण जिंकलो, आणि मिळणार तोच आणा!

फळ्यांवर अक्षरं चंद्रानं रंगवली. "येथे घडी भाव करून मिळेल. बारामती, भिगवण, इंदापूर. मालक: गेणबा."

"बाबा, भाव लिहू का?" तिनं विचारलं.

"भाव लिहिला तर करायचा काय?"

"खायचं," चंद्रा म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. फळ्या चार करून घेतल्या. तीन दुकानांच्या तीन आणि चौथी दौंडसाठी, कारण धंदा वाढणार हे उघड होतं.

बारामतीला मंडळीला बसवलं, भिगवणला माझा मेहुणा गणपा, इंदापूरला चुलतभाऊ धोंडिबा. पहिल्या दिवशी मोटार आली आणि निम्मे लोक आमच्याकडं वळले. मी आत्याकडं असं बघितलं, की दुसरी एखादी असती तर चूल मोडून गेली असती. ती भाकरी थापत होती.

"कशी दिली?" पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं.

"सहा पैसं," मंडळी म्हणाली.

"दोन."

"साडेपाच."

"अडीच. आन् कांदा दोन."

"बाई, मला आधी द्या, मोटार सुटंल!" मागचा ओरडला.

"आधी माझा भाव हुंद्या!" पुढचा म्हणाला.

ड्रायव्हरनं हॉर्न मारला. सगळे उपाशीच मोटारीकडं पळाले. पहिला गडी पायरीवर लटकत ओरडत गेला, "तीन! शेवटचं तीन!" पलीकडं आत्याचे लोक बोटं चाटत सीटवर बसले होते.

"तुमी सांगितलंसा तसंच केलं बरं का," मंडळी म्हणाली. अशा वेळी ती फार आज्ञाधारक असते.

बाकीच्या दोन दुकानांची तऱ्हा वेगळी. इंदापूरचा धोंडिबा इतका मवाळ, की गिऱ्हाइकानं तोंड वेडंवाकडं केलं की एका पैशाला द्यायचा, आणि वर घरची चौकशी करायचा. पिठलंही त्याच्यासारखंच पातळ. घडी हातात घेतली की मनगटावरून कोपरापर्यंत जायचं. भिगवणचा गणपा मात्र माझ्या हाताखाली तयार झालेला. पाव तास झगडल्याशिवाय अर्धा पैसा उतरायचा नाही. त्याला स्वतःला तिखट सोसत नसे, म्हणून त्याच्या पिठल्यात मिरची नुसती डोकावून जायची. आणि बारामतीला माझ्याशी भांडण झालं की मंडळीचा मिठाचा हात सुटायचा. एक घास घेऊन लोक मला विचारत, "काय गेणूराव, आज जोरात झालं वाटतं?"

"मालक," ड्रायव्हर एकदा म्हणाला, "तुमच्या दुकानावर मानसं खायाला उतरत्यात आन् भुकेली चढत्यात. असलं दुकान म्या बगितलं न्हवतं."

तो आत्याच्या बाजूचा. मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

अशात नरसिंहपूरहून दौलतआबांचा निरोप आला. मुलगी बघायला येतो म्हणून! घरची बागायत, मुलगा एकुलता एक, माणसं भली. आबांना स्वतःला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांना वाचता येणारी सून हवी होती. मंडळीनं देवापुढं साखर ठेवली आणि मला सांगितलं, "ह्ये तिसरं स्थळ हाय. आता तुमच्या हातानं काय बी करू नगासा. हात बांधून बसा."

मी फक्त एकच गोष्ट करायची ठरवली. आबा इंदापूरहून मोटारीनं येणार, वाटेत भिगवणला खायला उतरणार. तेव्हा गणपाला कळवायचं, की आबांना पोटभर खायला घाल, पैसे घेऊ नको. पोस्टकार्ड टाकणार होतो. पण ड्रायव्हर रोज तिथंच जातो. तोंडी निरोप फुकट जातो, मग कार्ड कशाला? मी ड्रायव्हरला निरोप दिला. तो विसरला. (विसरला म्हणे!)

ठरल्या दिवशी मी स्टँडवर उभा. मोटार आली. आबांच्या मालकीणबाई उतरल्या, मुलगा उतरला, फळांची करंडी उतरली. आबा उतरले नाहीत.

मी ड्रायव्हरला बाजूला ओढलं. "पाहुणे कुठं हायत?"

"भिगवनला," तो माझ्या कानात म्हणाला. "तुमच्या दुकानावर. तुमचा मेव्हना 'भाव करून मिळंल, भाव करून मिळंल' वरडत व्हता, आबा निघालं हौशी. पाच पैशावर यिऊन दोघं बी अडल्यात. म्या तीन डाव हॉर्न मारला. आबा म्हनलं, 'व्हा फुडं, ह्याला आज सोडत न्हाय!'"

"आणि तू त्यांना सोडून आलास?"

"मग काय भाव हुईस्तवर थांबतो? उद्याची मोटार बी हीच हाय, मालक."

घरी पाहुण्यांना बसवायला पाट कमी पडले. दौंडची फळी मी पालथी टाकली आणि तिच्यावर नवऱ्या मुलाला बसवलं. दोन तास आम्ही पावसापाण्याचं बोललो. मग दारात गुळाची लॉरी थांबली आणि ढेपांच्या राशीवरून दौलतआबा उतरले. धोतराला गूळ लागलेला, गुळाला मुंगळे लागलेले, फेटा हातात आणि डोळे लाल.

"त्या भिगवनच्या दुकानाचा मालक कोन हाय?" हाच त्यांचा रामराम. "मला फकस्त त्याचं नाव पायजे!"

मी मंडळीकडं पाहिलं. मंडळीनं छताकडं पाहिलं.

"असल कुणी तरी नालायक," मी म्हणालो. "बसा, आबा."

"नालायक? आवो, चोर! साडेपाचावरनं पाचावर यायला त्यानं माझी मोटार घालवली!"

"फोडून काढला पाहिजे असल्या माणसाला."

"आन् घडी तर काय, लॉरीतल्या गुळानं वरनं पान ग्वाड आन् आत पिठलं मिळमिळीत!"

"हरामखोर!" मी म्हणालो. स्वतःला इतक्या मनापासून शिव्या मी एरवी कधी दिल्या नाहीत. आबांचा राग जरा निवला.

"घ्या, लाडू घ्या," मी म्हणालो.

"ग्वाड नगं. लॉरीत गुळातच बसलो हुतो. सकाळधरनं घडीवर मन गेलंया, आता चांगली घडीच खायाची हाय."

"त्यात काय! आमच्या घरी होते की!" मी बोलून गेलो.

मंडळीनं मला आत बोलावलं. चुलीवर पिठलं तयार होतं. मी बोट बुडवून चाखलं. समुद्र! सकाळपासून ती माझ्यावर चिडली होती, हे मी विसरलोच होतो.

"जावा," ती म्हणाली. "आत्याकडनं आना. आन् तितं जाऊन भाव केलासा तर परत येऊ नगासा."

बैलाच्या जन्माला जायची तयारी ठेवून मी परसदारानं पळालो. आत्या भाकरी थापत होती. टोपलीवर माझं उपरणं.

"पाच घड्या," मी म्हणालो.

"शपत घ्येतली व्हतीस न्हवं?"

"चंद्रीला बघायला आल्यात, आत्या. तिसरं स्थळ हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पिठाचा हात पुसून पुढं केला. "आधी जुना सौदा पुरा कर."

पुन्हा भर स्टँडवर, पुन्हा सगळ्यांसमोर! मी तिचा हात धरला, तिनं स्वतःच वर उपरणं टाकलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं सांगितलेला आकडा जसाच्या तसा दाबला. पंजा. तिनं उपरणं माझ्या खांद्यावर ठेवलं.

"ह्या घड्यांचे बी पाच पाच पैसं का?" मी विचारलं.

"त्या आन्यालाच. म्या भाव वाडवत न्हाय, कमी बी करत न्हाय." आणि प्रत्येक घडीत ठेच्याचं एक एक बोट जास्त ठेवत म्हणाली, "लेकीचं हाय म्हणून. ह्याचं काय बी न्हाय."

फुकट! ही काय धंद्याची पद्धत झाली? पण वाद घालायला वेळ नव्हता.

आबांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. त्यांच्या कपाळावरची एक एक आठी उलगडत गेली. तिसऱ्या घासाला त्यांनी धोतरावरचा मुंगळा स्वतःच्या हातानं उचलून दाराबाहेर सोडला, त्याला न चिरडता.

"ही आत्याची घडी," ते म्हणाले.

"छे, छे! घरचीच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या खांद्याकडं. मालकीणबाई म्हणाल्या, "पोरगी वाचती म्हनलासा. काय तरी वाचून दावू द्या की."

माझ्या घरात पुस्तक नव्हतं. चंद्राची बुकं मी रद्दीवाल्याला विकली होती. (चांगल्या भावानं.) आम्ही इकडंतिकडं बघत असताना नवरा मुलगा उठला. त्याला आपला काही उपयोग व्हावा असं वाटलं असावं. तो म्हणाला, "ह्याच्याखाली अक्षरं हायत वाटतं," आणि त्यानं बसायची फळी उचलून चंद्राच्या हातात दिली.

चंद्रानं फळी पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. मी डोळे मिचकावले, खाकरलो, मान हलवली. घरात देवाचे श्लोक असतात, ओव्या असतात, काय वाटेल ते म्हण! मंडळीनं पदर तोंडात धरला.

चंद्रानं स्पष्ट आवाजात वाचलं, "येथे घडी भाव करून मिळेल. बारामती, भिगवण, इंदापूर. मालक: गेणबा."

आबांनी फेटा बाजूला ठेवला.

"म्हंजी," आबा सावकाश म्हणाले, "त्यो नालायक..."

"मीच."

"त्यो चोर?"

"तोही मीच."

आबा पुढं वाकले, माझ्या उपरण्याचा काठ धरून हुंगला. लसूण! "आन् आत्याचा हात धरनारा त्यो दलाल?"

मी मान खाली घातली. चंद्राचं तिसरं स्थळ गुळाच्या लॉरीत बसून परत जाताना मला दिसू लागलं.

मग एक विचित्र आवाज आला. दौलतआबा हसत होते. ते इतके हसले की मालकीणबाईंनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. "लई दीस म्हनत व्हतो, ह्यो गडी एकडाव बगायचाय!" ते डोळे पुसत म्हणाले. मग चंद्राकडं वळले. "पोरी, बाप डोळं मिचकावत व्हता. दुसरं काय तरी वाचायचं व्हतंस. मला काय कळनार व्हतं?"

"जे लिहिलं होतं ते वाचलं," चंद्रा म्हणाली. "मीच लिहिलं होतं."

"बगा!" आबा मालकीणबाईंना म्हणाले. "मला वाचाया येत न्हाय. घरात अशीच पायजे. सोयरीक पक्की! पर येक अट हाय. लग्नाचं जेवान आत्याचं, आन् तिच्याशी भाव मी करनार न्हाय, तुमी बी करायचा न्हाय."

मंडळीनं रडत रडत साखर वाटली. दुसऱ्या दिवशी तिन्ही दुकानांची फळकुटं आत्याच्या चुलीत गेली. धूर तिच्याकडंच गेला, एवढंच मला समाधान. लग्नात आत्यानं तिन्ही चुली एका मांडवात मांडल्या, आणि तिचे पैसे चुकते करताना मंडळीनं माझे दोन्ही हात त्याच उपरण्यानं बांधून ठेवले होते. पाहुण्यांना वाटलं हा आमच्याकडचा काही विधी आहे.

तेव्हापासून मी आत्याच्याच चुलीवर जातो. माझं आजही ठाम मत आहे, की तीन पैसे हाच वाजवी भाव होता, आणि ते मी तिला प्रत्येक वेळी सांगतो. "तीन पैसं, आत्या." "आना." मी आणा देतो, घडी घेतो, पुटपुटत मोटारीत बसतो. असं कित्येक वर्षं चाललं आहे.

एके दिवशी मात्र मी नेहमीसारखं म्हणालो, "तीन पैसं," आणि म्हातारी म्हणाली, "बरं, दे तीन."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग टोपलीतल्या भाकरीकडं.

"आत्या," मी म्हणालो, "तुला बरं न्हाय का? का भाकरी शिळी हाय?"

"ताजी हाय. तूच म्हनलास न्हवं तीन?"

मी टोपलीत आणा टाकला, वर आणखी एक पैसा ठेवला, आणि तिनं परत द्यायच्या आत मोटारीत चढून बसलो. समोरच्यानं आपण होऊन उतरवलेला भाव मी स्वतः झगडून वर चढवला, असा सौदा माझ्या सबंध धंद्यात तेवढा एकच झाला.